डायव्हर लावून ट्रोलिंग: स्वस्तात सामान घेताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या लेक मिशिगन या मोठ्या तळ्याचं वरचं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये तापलं की सामन खालच्या थंड थरात उतरतो. कधी ४० फुटांवर, कधी ९० फुटांवर. चालत्या बोटीमागून आमिष ओढत मासे धरणं म्हणजे ट्रोलिंग, आणि आमिष तिथवर पोचवायला बहुतेक जण दोनांपैकी एक मार्ग धरतात. एक डाउनरिगर: बोटीवर बसवलेलं चाक, तार आणि तिच्या टोकाला जड गोळा. दुसरा डायव्हर: लाइनलाच अडकवायची प्लास्टिकची तबकडी. बोट चालू असली की ती पाणी कापत खाली आणि बाजूला जाते. पहिल्याची चांगली जोडी बसवायला शेकडो डॉलर लागतात, दुसरी १५ डॉलरच्या आसपास मिळते. शिकागो, मिलवॉकी किंवा डेट्रॉइटकडे राहणाऱ्या आणि छोट्या बोटीतून मोठ्या तळ्यावर उतरू पाहणाऱ्या मराठी मंडळींनी डायव्हरपासून सुरुवात करावी, असं मी नेहमी सांगतो.

घोळ त्यानंतर होतो. तबकडी स्वस्त, म्हणून तिच्यामागचं सगळंच स्वस्त चालेल असं धरलं जातं. खाडीवर गळ टाकून गरवणाऱ्याच्या हाताला ओढ कळते ती मासा लागल्यावर. इथे मासा लागायच्या आधीच रॉड निम्मा वाकलेला असतो आणि तासन्‌तास तसाच राहतो. सामान निवडताना पाच पौंडांचा कोहो की वीस पौंडांचा चिनूक (या सामनच्या दोन जाती) हा हिशेब नंतरचा. आधी डायव्हरची ओढ कोण कोण सोसणार आहे ते बघा.

रॉड होल्डर शेवटी घेणं

बहुतेकांच्या यादीत रॉड होल्डर सगळ्यात खाली असतो आणि उरलेल्या पैशांत येतो. माझ्या मते तो सगळ्यात वर हवा. बोटीच्या कडेला चिमट्यासारखा घट्ट करायचा प्लास्टिकचा होल्डर शांत काठावर ठीक आहे. डायव्हरची ओढ, त्यात लाट, त्यात मासा, असं तिन्ही एकदम आलं की तो फिरतो किंवा तुटतो, आणि रॉड-रीळ दोन्ही तळाशी जातात. धातूचा, कोन बदलता येणारा, बोटीला आरपार बोल्टने किंवा ट्रॅकवर बसवलेला होल्डर घ्या. नुसत्या स्क्रूवर भरवसा ठेवू नका, आतून पट्टी लावून नट बसवा.

होल्डरचा कोनही महत्त्वाचा. रॉड बोटीच्या बाजूला जवळजवळ काटकोनात आणि पाण्याकडे झुकलेला असावा. उभा ठेवलेला रॉड ऐटबाज दिसतो, पण लाइन बोटीजवळ येते आणि दोन डायव्हर एकमेकांत जायची भीती वाढते.

डाउनरिगरचा रॉड डायव्हरला लावणं

दुकानात ‘ट्रोलिंग कॉम्बो’ म्हणून रॉड-रीळ एकत्र मिळतात, किंमतही बरी असते. पण त्यातले बरेच रॉड डाउनरिगरसाठी बनवलेले असतात: मऊ, मुठीपर्यंत वाकणारे. डाउनरिगरला तसाच रॉड लागतो, कारण तिथे वजन गोळ्याची तार पेलते. डायव्हरचं सगळं वजन रॉडवर येतं. मऊ रॉड त्याच ओढीत पूर्ण वाकून जातो, मग मासा लागल्याचं टोकावर दिसत नाही आणि तबकडी सोडवायला झटका द्यायला रॉडमध्ये काही उरत नाही. रॉडवर ‘डिप्सी’ किंवा ‘डायव्हर’ असं लिहिलेलं आहे का ते पाहा. ९ ते १०.५ फूट, मीडियम-हेवी, मूठ लांब. डिप्सी हे खरं तर लूर-जेन्सन कंपनीच्या तबकडीचं नाव, पण तळ्यावर आता कुठल्याही अशा डायव्हरला तेच म्हणतात.

एका बाजूला दोन डायव्हर लावायचे झाले तर बाहेरच्याला लांब रॉड आणि आतल्याला थोडा आखूड, असं ठेवलं की लाइनींमध्ये आपोआप अंतर पडतं. पण पहिल्या वर्षी प्रत्येक बाजूला एकच लावा. सहा कच्च्या संचांपेक्षा दोन पक्के संच जास्त मासे देतात.

रीळ: काउंटर आहे म्हणजे झालं?

लाइन काउंटर, म्हणजे किती लाइन बाहेर गेली त्याचा आकडा दाखवणारं यंत्र, असलेलं रीळ इथे हवंच. मासा १४० फुटांवर लागला, तर पुन्हा १४०वरच सोडता आलं पाहिजे. ओकुमाची मॅग्डा प्रो किंवा दायवाची अक्यूडेप्थ ही कमी बजेटमधली रिळं पुष्कळांच्या बोटीवर दिसतात आणि सुरुवातीला ती पुरतात. ओकुमाची कोल्ड वॉटर त्यांच्या एक पायरी वर. थोडे जास्त पैसे असतील तर ते ड्रॅगसाठी, म्हणजे लाइन ओढली जाताना धरून ठेवणाऱ्या रिळातल्या ब्रेकसाठी, घाला. डायव्हरच्या रिळात ड्रॅग दिवसभर ताणाखाली असतो, आणि अडखळत सुटणारा ड्रॅग गळ माशाच्या तोंडातून फाडून काढतो. वापरलेलं रीळ घ्यायलाही हरकत नाही. हंगाम संपल्यावर बोट विकणारे आपली रिळंही काढतात. घेताना लाइन हाताने ओढून पाहा, ती एकसारखी सुटली पाहिजे. मग आकडे फिरतात का आणि शून्याचं बटण चालतं का, तेही तपासा.

काउंटर लाइन मोजत नाही, स्पूलचे (लाइन गुंडाळलेल्या चाकाचे) फेरे मोजतो. स्पूल काठोकाठ भरलेला असेल तेव्हा एका फेऱ्यात जास्त लाइन जाते, अर्धा असेल तेव्हा कमी. कमी भरलेल्या रिळावर आकडा १५० दिसेल आणि प्रत्यक्षात बाहेर असेल त्याहून बरीच कमी लाइन. पैसे वाचवायला महागडी ब्रेड (धागे विणून केलेली बारीक लाइन) थोडीशीच भरणारे इथेच फसतात. उपाय स्वस्त आहे: खाली साधी मोनो (एकाच नायलॉन धाग्याची) लाइन भरा, वर ३०० यार्ड ब्रेड, आणि स्पूल काठापासून अगदी थोडा खाली येईपर्यंत भरा. मोनोमुळे ब्रेड स्पूलवर घसरतही नाही. दोन्ही बाजूंची रिळं एकाच मॉडेलची, एकाच लाइनने, सारखीच भरलेली असू द्या. नाहीतर डावीकडचा आकडा उजवीकडे उपयोगाचा नाही.

खात्री करायची तर शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर जा. तिथे दर ५ यार्डांवर पांढरी रेघ असते. एकाने लाइनचं टोक धरून १०० यार्ड, म्हणजे ३०० फूट, चालत जायचं आणि दुसऱ्याने काउंटर वाचायचा. जो फरक येईल तो रिळावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

जाड लाइन आणि वेष्टनावरचा तक्ता

डायव्हर किती खोल जाईल हे लाइनच्या जाडीवर फार अवलंबून असतं. जाड मोनो पाण्यात जास्त अडते आणि तबकडीला वर धरून ठेवते. ३० पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, ब्रेड साधारण ८ पौंडांच्या मोनोइतकी बारीक असते, ५० पौंडांची साधारण १२ पौंडांच्या मोनोइतकी. म्हणून ३० ते ५० पौंड ब्रेड घ्या. लाइन म्हणून धातूची तार लावली तर ती आणखी खोल जाते, हे खरं. पण तिला खास टोकाचा रॉड लागतो, ती मुडपते आणि एकदा मुडपली की तिथेच तुटते. मर्यादित पैशांत सुरुवात करणाऱ्याने तारेच्या वाटेला जाऊ नये.

वेष्टनावरचा खोलीचा तक्ता ठरावीक लाइन आणि वेग धरून केलेला असतो, तुमची लाइन वेगळी असेल तर आकडेही वेगळे. स्वतःचा तक्ता करा. तळाशी वाळू असलेली, फिशफाइंडरवर ५० फूट दिसणारी सपाट जागा शोधा. बोट नेहमीच्या वेगाने चालवत हळूहळू लाइन सोडा. रॉडचं टोक थडथड करू लागलं की तबकडी तळाला लागली, तो आकडा टिपा. हेच तबकडीच्या वेगवेगळ्या सेटिंगवर (ती पुढे सांगितली आहेत) करा. अगदी ढोबळ सांगायचं तर ब्रेडवर बाहेरच्या सेटिंगला तीन फूट लाइनमागे एक फूट खोली मिळते, आतल्या सेटिंगला दोन-अडीच फुटांमागे एक. पण हा अंदाज झाला. प्रत्येक बोटीचं थोडं वेगळं असतं.

सेटिंग उलटं लावणं

तबकडीच्या खालच्या वजनाच्या प्लेटवर ० ते ३ असे आकडे दोन्ही बाजूंना असतात. ० वर ठेवली तर ती सरळ मागे आणि सगळ्यात खोल जाते, ३ वर सगळ्यात बाहेर पण कमी खोल. घाईत डावीकडची तबकडी उजवीकडे लावली की ती बोटीखालून पलीकडे जाते आणि सगळ्या लाइनींचा गुंता होतो. सोडण्याआधी दहा फूट लाइनवर बोटीशेजारी पाण्यात धरा, बाहेर जाते की आत येते ते लगेच दिसेल. कडेला बसवायची गोल रिंग मिळते, तिने खोली वाढते आणि ओढही वाढते. म्हणून मोठी तबकडी, रिंग आणि हलका रॉड असा मेळ घालू नका. आणि लाइन सोडताना स्पूल मोकळा सोडून देऊ नका. अंगठा ठेवून हळू सोडा, नाहीतर आमिष उलटं येऊन तबकडीला गुंडाळलं जातं.

ट्रिपचा स्क्रू

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या. मासा लागला किंवा तुम्ही झटका दिला की तबकडीचा पुढचा दांडा सुटतो, ती आडवी होते आणि ओढ जाते. हा दांडा किती घट्ट धरायचा ते एका छोट्या स्क्रूवर ठरतं.

आपोआप सुटत असेल तर स्क्रू सैल आहे. लाटांत बोट पुढे झेपावते तेव्हा ओढ एकदम वाढते, आणि ब्रेड ताणली जात नसल्यामुळे तो धक्का थेट दांड्याला बसतो. पाव फेरा घट्ट करा, पुन्हा पाहा. सुटतच नसेल तर पाव फेरा सैल. घट्ट झालेली तबकडी वर आणायला दंड भरून येतात, अशा वेळी बोटीचा वेग कमी करा, लाइन ताणलेली ठेवून टोक पाण्याकडे न्या आणि एकदम वर झटका द्या. काठावरच, आमिष न लावता, हाताने ओढून सगळ्या तबकड्या एकसारख्या जुळवून घेतल्या की पाण्यावर निम्मा त्रास वाचतो.

छोटा मासा दांडा सोडवू शकत नाही. तो लागला तरी रॉड तसाच वाकलेला दिसतो आणि तुम्ही त्याला तासभर ओढत नेता, तेवढा वेळ ती लाइन वाया जाते. टोक किंचित जरी वेगळं हललं तरी बघा. लहान मासे पुष्कळ असतील त्या दिवशी दर वीस-पंचवीस मिनिटांनी लाइन तपासा.

लीडर, स्नबर आणि कड्या

लीडर, म्हणजे तबकडी आणि आमिष यांच्यामधली लाइन, रॉडपेक्षा लांब नको. तबकडी टोकाशी येऊन थांबते, त्यापुढे लाइन गुंडाळता येत नाही. मागे १२ फूट लीडर असेल तर मासा जाळ्याच्या टप्प्यात येणारच नाही. ६ ते ८ फूट, २० ते २५ पौंड फ्लोरोकार्बन लाइन पुरे. ब्रेडवर तबकडी आणि लीडरच्या मध्ये रबरी स्नबर लावा. काही डॉलरची ही वस्तू माशाचा पहिला हिसका झेलते. मुख्य लाइनवर स्नॅपच्या (तबकडी अडकवायच्या आकड्याच्या) आधी एक मोठा मणी घाला, म्हणजे स्विव्हल (फिरती कडी) रॉडच्या टोकाच्या कडीत घुसून ती फोडणार नाही. स्नॅप आणि स्विव्हल मात्र चांगलेच घ्या, बॉल-बेअरिंगवाले. चमच्याच्या आकाराची आमिषं, फ्लॅशर, फ्लाय या आमिषाच्या सामानात हवी तेवढी काटकसर करा, चार-पाच रंग पुरतात.

ड्रॅग असा लावा की तबकडीच्या ओढीने लाइन जेमतेम सुटायची थांबेल. मोठ्या लाटेवर क्लिकर (लाइन सुटताना वाजणारी रिळाची खूण) एखाददुसरा टिक वाजला तर ठीक. तो सतत वाजत असेल तर आकडा पुढे सरकत राहील आणि आमिष तुम्हाला वाटतं त्याहून दूर जाईल.

रेडिओ आणि लाइफ जॅकेट या यादीतून काढणं

या तळ्यात सामन मुळात नव्हता. मत्स्य विभागाचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने मिशिगन राज्याने १९६६ मध्ये प्लॅट नदीत कोहोची पिल्लं सोडली. १९६७ च्या शरदात ते मासे मोठे होऊन परतले आणि मिळेल ती बोट घेऊन लोक तळ्यावर धावले. २३ सप्टेंबर १९६७ रोजी आलेल्या वादळात सात जण बुडाले. तळं ३०७ मैल लांब आहे, वारा फिरला की तासाभरात पाणी ओळखू येत नाही. पैसे कमी पडत असतील तर एक संच कमी घ्या, पण व्हीएचएफ रेडिओ आणि अंगावर घालायची लाइफ जॅकेटं घ्या, आणि निघताना राष्ट्रीय हवामान सेवेचा तळ्याचा अंदाज वाचा. परवान्याचे पैसेही आधीच बाजूला काढा. विस्कॉन्सिनमध्ये ग्रेट लेक्ससाठी ट्राउट-सामनचा वेगळा स्टॅम्प लागतो, इलिनॉयमध्ये लेक मिशिगनचा सामन स्टॅम्प. एका माणसाला किती लाइन चालतात तेही राज्याचा नियम ठरवतो, म्हणून रॉड घेण्याआधी नियम पाहा.

सगळं बरोबर असूनही मासा लागत नसेल तर

आधी वेग पाहा. सामनला साधारण ताशी २ ते ३ मैलांचा वेग चालतो, पण जीपीएस दाखवतो तो वरचा वेग. खाली प्रवाह उलटा असेल तर तबकडी जोरात ओढते, सुलटा असेल तर लाइन ढिली पडते. दोन्ही दिशांना जाताना रॉड किती वाकतो ते लक्षात ठेवा आणि तो वाक सारखा राहील असा वेग धरा. वळताना मोठं वळण घ्या. आतल्या बाजूची तबकडी मंदावते, छोट्या वळणात ती शेजारच्या लाइनीत जाते.

उन्हाळा सरत आला की लाइनवर चिकट, कापसासारखे गोळे जमायला लागतात. ते काटेरी पाणपिसवांचे, जहाजांबरोबर बाहेरून येऊन या तळ्यांत पसरलेल्या बारीक जिवांचे. बारीक ब्रेडवर ते जास्त अडकतात आणि गुंडाळताना टोकाच्या कडीत साचून लाइन अडवतात. मोठा मासा लागलेला असताना असं झालं तर लाइन तुटते. त्या दिवसांत एखादा संच ३० पौंडांच्या जाड मोनोवर भरून ठेवा, तिच्यावर ते कमी टिकतात. मात्र त्या रिळाचे आकडे ब्रेडच्या तक्त्यावर वाचू नका, त्याचा तक्ता वेगळा करावा लागेल. ब्रेडच वापरायची असेल तर लाइन वर घेताना रॉडचं टोक मधूनमधून पाण्यात बुडवून हलवा, आणि कडीत गोळा दिसला की लगेच बोटांनी काढा.