ड्रिलिंग रिगवरील वायर रोप: झीज ओळखणे, सरकवणे आणि बदलणे

ड्रिलिंग रिगवरचा वायर रोप सगळीकडे सारखा झिजत नाही. स्लिप्समध्ये (पाइप धरून ठेवणाऱ्या पाचरांत) अडकवलेल्या पाइपाचे वजन उचलले जाते, त्या क्षणी क्राउन ब्लॉकच्या (मनोऱ्याच्या माथ्यावरील कप्पीसंचाच्या) शीव्हवर, म्हणजे खाच असलेल्या चाकावर, रोपाचा जो भाग येतो, तोच दर वेळी झटका खातो. ड्रॉवर्क्सच्या, म्हणजे रोप गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, ड्रमवर एका वेढ्यावरून दुसऱ्या वेढ्यावर चढणारा भाग घासला आणि चेपला जातो. मधला बराचसा रोप मात्र धडधाकट असतो. म्हणून मार खाणारे भाग थकण्याआधीच नवा रोप आत घेऊन त्यांची जागा बदलत राहणे आणि ड्रमकडचा वापरून झालेला तुकडा कापून टाकणे, हेच या देखभालीचे मुख्य काम आहे. रिगवर त्याला ‘स्लिप अँड कट’ म्हणतात.

कधी कापायचे, हे तुटलेल्या तारा दिसण्यावर सोडू नये. ते रोपाने केलेल्या कामावरून ठरवावे. हे काम टन-मैलात मोजतात: 2000 पौंड वजन 1 मैल हलवले की 1 टन-मैल. त्याची सूत्रे एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) आरपी 9बी या मार्गदर्शिकेत दिलेली आहेत. पाइप वर-खाली करणे, प्रत्यक्ष ड्रिलिंग, रीमिंग (भोक रुंद करणे), केसिंग (विहिरीला अस्तर म्हणून बसवायचा पाइप) उतरवणे हे सर्व त्यात धरावे लागते. नोंदीतून नेमक्या सुटतात त्या छोट्या ट्रिप (पाइप थोडा वर काढून पुन्हा उतरवणे) आणि अडकलेला पाइप सोडवताना केलेले जारिंग, म्हणजे दिलेले जोरदार झटके. आणि जारिंगइतका वाईट मार रोपाला क्वचितच दुसऱ्या कशाने बसतो. ज्या पाळीत हे काम झाले, त्याच पाळीने ते लिहून ठेवावे.

सुरक्षा गुणांक, म्हणजे रोपाची तुटण्याची मर्यादा भागिले फास्ट लाइनवरचा (ड्रमकडे जाणाऱ्या रोपावरचा) ताण, वेगळा तपासावा. ड्रिलिंगसाठी तो किमान 3, तर केसिंग उतरवताना किंवा अडकलेला पाइप ओढताना किमान 2 असावा. समजा, सव्वा इंची रोपाची तुटण्याची मर्यादा सुमारे 72 मेट्रिक टन आहे आणि हुकवर 200 टन वजन आहे. शीव्हमधील घर्षण धरले, तर 8 लाइनवर (दोन ब्लॉकमध्ये रोपाचे 8 पदर ओवले असता) फास्ट लाइनला जवळजवळ 30 टन ताण येतो आणि गुणांक 2.4 इतकाच राहतो. 12 लाइन ओवल्या, तर ताण साधारण 21 टनांवर उतरतो आणि गुणांक 3.4 होतो. हे गणित नव्या रोपाचे आहे. झिजलेल्या रोपाची ताकद यापेक्षा कमीच असते.

टन-मैलाचा हिशेब चोख असला, तरी डोळ्यांनी तपासणी चुकवता येत नाही, कारण चेपलेला किंवा गंजलेला रोप हिशेबात दिसत नाही. ड्रॉवर्क्स थांबवून, लॉक करून, रोपावरचे ग्रीस पुसावे. जाड हातमोजे घालून रोपावर चिंधी हळू सरकवली, की तुटलेल्या तारेचे टोक तिला अटकते. फिरत्या रोपावर हा प्रयोग कधीही करू नये. व्यास मोजताना कॅलिपरचे जबडे समोरासमोरच्या दोन पेडांच्या उंचवट्यांवर टेकवावेत. दोन पेडांमधील खाचेत टेकवले, तर माप कमी येते आणि चांगला रोपही झिजलेला वाटतो. तुटलेल्या तारेचे टोक सपाट असेल, तर ती वारंवार वाकून थकली आहे; टोक निमुळते झाले असेल, तर जादा ताण आला आहे. पेडांच्या मधल्या खाचेत तुटलेली तार मी सर्वांत गंभीर मानतो, कारण ती गाभा बसल्याची किंवा शीव्हची खाच रोपाला आवळत असल्याची खूण असते. खाच गेजने तपासावी. ती झिजून अरुंद झालेली असताना नवा रोप चढवणे म्हणजे तो पहिल्या दिवसापासून खराब करणे होय.

स्लिप अँड कटसाठी बिट केसिंगच्या शूच्या (खालच्या टोकाच्या) आत ओढून घ्यावे, ड्रिल पाइपवर फुल-ओपनिंग सेफ्टी व्हॉल्व्ह बसवावा आणि विहिरीतील द्रवाच्या पातळीवर ट्रिप टँकद्वारे (मोजमापाच्या छोट्या टाकीद्वारे) लक्ष ठेवण्यासाठी एक माणूस नेमावा. ट्रॅव्हलिंग ब्लॉक (हुकसह वर-खाली होणारा कप्पीसंच) हँग-ऑफ लाइनवर, म्हणजे तो टांगून ठेवणाऱ्या वेगळ्या दोरावर, टांगून त्याचे पूर्ण वजन तिने घेतल्याची खात्री झाल्यावरच डेडलाइन अँकरचा (रोपाची स्थिर बाजू पकडून ठेवणाऱ्या साधनाचा) क्लॅम्प सैल करावा; हा क्रम उलटला, तर ब्लॉक खाली येतो. कापायची लांबी ड्रमच्या पूर्ण वेढ्यांच्या पटीत ठेवू नये. बारा वेढे कापायचे ठरले, तर साडेबारा कापावेत, म्हणजे जुना घासलेला भाग पुन्हा त्याच ठिकाणी येत नाही. कापण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार घट्ट गुंडाळून बांधावी आणि हायड्रॉलिक कटरने कापावे. न बांधता कापल्यास पेड उसवतात आणि पीळ आतपर्यंत ढिला होतो. ड्रमवरील क्लॅम्प आणि अँकरचे बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने आवळावेत आणि रोप ताणात ठेवून गुंडाळावा, कारण सैल वेढ्यांत वरचा थर रुततो. ड्रिलिंगचे काम पुन्हा सुरू करण्याआधी ब्रेक तपासावा, क्राउन सेव्हर (ब्लॉक क्राउनवर आदळण्याआधी थांबवणारे साधन) नव्याने लावून प्रत्यक्ष चालवून पाहावा आणि वजनदर्शकाचे माप पडताळावे. क्राउन सेव्हरची सेटिंग कापल्यानंतर बदललेली असते, हे घाईत विसरले जाते.

रीलवर पुढच्या कटला पुरेसा रोप उरला नाही, किंवा मधल्या भागात गाठ, पिंजरा झाल्यासारखी फुगवट किंवा चेपलेला पेड आढळला, तर संपूर्ण रोप बदलावा. जुन्या रोपाचे टोक नव्याला जोडण्यासाठी स्विव्हल असलेली जाळीची ग्रिप वापरावी, म्हणजे जुन्याचा पीळ नव्यात उतरत नाही; दोन टोके वेल्डिंगने जोडू नयेत. रील आसावर फिरवूनच रोप सोडावा. कडेवरून वेटोळे काढले की गाठ पडते आणि अशी गाठ सरळ केली, तरी तिथली ताकद परत येत नाही. रोप चढल्यावर पहिल्या काही फेऱ्या हलक्या वजनाने, संथ गतीने कराव्यात. पेड गाभ्यावर बसले, की अँकर आणि ड्रमचे बोल्ट पुन्हा आवळून टन-मैलाची नोंद शून्यापासून सुरू करावी.