लाल बटणावरचं 'नोट-आउस' आणि मराठीतून जर्मन

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी ज्या वर्कशॉपमध्ये मापं तपासते, तिथे एक जुनं जर्मन ग्राइंडिंग मशीन आहे. त्याच्या लाल बटणावर 'नोट-आउस' असं लिहिलंय. नवीन हेल्पर ते इंग्रजी समजून 'नॉट' वाचायचा आणि म्हणायचा, "ताई, हे दाबायचं नसतं ना?" जर्मनमध्ये 'नोट' म्हणजे आणीबाणी. जिवावर बेतलं की सगळ्यात आधी दाबायचं ते हेच. हे मला कळलं त्या दिवशी मी जर्मन शिकायचं ठरवलं. वय वर्षं त्रेचाळीस.

त्याआधी माझं फ्रेंच झालं होतं. झालं म्हणजे बुडालं. कॉलेज रोडवर एका क्लासला वर्षाची फी भरली, तिसऱ्या महिन्यात क्लासला कुलूप. पण खरं सांगायचं तर क्लास चालू राहिला असता तरी मी टिकले नसते. फ्रेंच गोड वाटते, एवढंच माझं कारण होतं, आणि क्लासच्या बाहेर आठवडाभर फ्रेंचचा एक शब्द कानावर पडत नव्हता.

म्हणून भाषा निवडताना स्वतःला एकच विचारा: गेल्या पंधरा दिवसांत ती माझ्यासमोर आपणहून कितीदा आली? गंगापूर धरणाकडच्या वायनरीत काम करणाऱ्याला फ्रेंच रोज भेटते, तिथे द्राक्षांची नावंच शनँ ब्लाँ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों. ओझरला सुखोई विमानांच्या कामावर घरातलं कुणी असेल, तर रशियन परकी वाटणार नाही. सातपूर-अंबडकरांनी मशीनवरची पाटी वाचावी, बहुतेक जर्मन नाहीतर जपानी.

माझा निफाडचा भाचा डच शिकायला निघाला होता. "आत्या, आपली द्राक्षं रॉटरडॅमला जातात." जातात बाबा, पण तिथला व्यापारी तुझ्याशी फाडफाड इंग्रजी बोलणार. समोरच्याला तुमच्या मोडक्यातोडक्या भाषेची गरजच नसेल, तर सराव कुणाबरोबर करायचा? शेवटी त्याने जपानी घेतली.

"जपानी फार अवघड," असं त्याला सगळ्यांनी ऐकवलं. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा हिशेब आहे, जपानीला सुमारे २,२०० तास. पण तो हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचंही शेवटी. आपले ने-ला-त शब्दाच्या मागे, त्यांचेही मागे. त्यांची वर्णमाला लावलीय ती आपल्यासारखी: अ इ उ ए ओ, मग क कि कु के को. पावाला ते 'पान' म्हणतात. पोर्तुगीजांनी दोघांनाही एकच शब्द दिला. कांजी या चित्रलिपीने घाम फुटतो, ते खरं.

माझा सगळ्यात मोठा आग्रह हाच: ॲप इंग्रजीतून शिकवतं म्हणून तुम्ही इंग्रजीतून शिकू नका. माझी पहिली वही इंग्रजीतली होती, ती मी फाडली. 'मिर गेफेल्ट दास' याचं इंग्रजी करताना कर्ता-कर्म उलटंपालटं होतं. मराठीत सरळ आहे: मिर म्हणजे मला, मला ते आवडतं. 'वाइल इश म्यूडं बिन': कारण मी दमलेली आहे. शब्दाखाली शब्द मांडा, एकही हलवावा लागत नाही. (प्रत्येक वाक्य असं बसत नाही, साध्या वाक्यात त्यांचं क्रियापद दुसऱ्या जागी उडी मारतं.) एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो, मग वीस, तेही 'एक आणि वीस' म्हणतात. त्यांच्या झेडचा उच्चार इंग्रजीवाल्यांना शिकावा लागतो, आपल्याकडे तो चमच्यातल्या 'च'मध्ये तयार आहे.

लिंगं तीन, तीही आपल्यासारखीच. तो, ती, ते: देअर, डी, दास. फक्त नशीब प्रत्येक शब्दाला जुळत नाही. चमचा आपलाही तो, त्यांचाही तो. काटा आपला तो, त्यांची ती. सुरी आपली ती, त्यांचं ते. त्यामुळे नुसता शब्द कधीच पाठ करू नका, देअर-डी-दाससकट करा. मी एक महिना नुसते शब्द केले आणि नंतर सगळे पुन्हा करत बसले.

शब्दांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करते. जाड कागद, मागची बाजू कोरी, फुकट. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पाच कप्पे. चिठ्ठीवरचा शब्द आला की ती पुढच्या कप्प्यात, चुकली की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पाचवा महिन्यातून एकदा. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने ही पद्धत लोकांपर्यंत नेली. रोज नवे शब्द दहाच. पंचवीस केले की आठवड्याने जुन्यांचा डोंगर होतो आणि खोकं माळ्यावर जातं.

कानासाठी कंपनीची बस. सिडको ते अंबड वीस मिनिटं. दॉइच वेले ही जर्मन प्रसारण संस्था मुद्दाम हळू वाचलेल्या बातम्या देते. त्यातलं एकच मिनिट आठवडाभर ऐकायचं, ओठ हलवत. शेजारच्या बाईंना आधी वाटलं मी जप करतेय.

बोलायला माणूस मिळत नसेल तर हातातलं काम त्या भाषेत पुटपुटा. मी भाजी चिरते, मी गॅस लावते. व्याकरणाचं जाड पुस्तक पहिल्या तीन महिन्यांत विकत घेऊ नका, ते फक्त धूळ खातं.

परीक्षा मात्र जरूर द्या. तारीख पक्की असली की हात चालतो. जर्मनसाठी मी पुण्याचं मॅक्स म्यूलर भवन गाठलं. जपानीची जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, तिचंही केंद्र पुण्यात आहे. तिच्यात बोलण्याची परीक्षा नसते, म्हणून भाच्याला मी रविवारी मोठ्याने वाचायला लावते. जर्मनच्या ए-वनमध्ये, म्हणजे पहिल्या पातळीच्या परीक्षेत, मात्र बोलावं लागतं. आदल्या दिवशीच पोचा, नाशिक-पुणे रस्त्याचा भरवसा धरू नका.

तोंडी परीक्षेत नावाचं स्पेलिंग विचारतात आणि एखादा नंबर सांगायला लावतात. माझ्या आडनावात व्ही आहे, जर्मनमध्ये त्याला 'फाउ' म्हणतात. घरी शंभरदा घोकलं होतं, तरी तोंडातून 'वे' गेलं, म्हणजे डब्ल्यू. परीक्षक बाईंनी तसंच लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी म्हटलं, "नाइन, फाउ." त्या हसल्या, खोडलं. शंभरात साठ लागतात, मला अठ्ठ्याहत्तर पडले.