ड्रेसाज सुरू करताय? आधी गच्चीवर खडूने अरीना काढा

२०२३ मधे हांगझोऊला आपल्या टीमने ड्रेसाजचं गोल्ड आणलं, १९८२ नंतर एशियाडमधे घोडेस्वारीचं पहिलंच, आणि टीममधे आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला, तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो की घोड्याला नाचवायला कसं शिकवतात. अहो नाचवायचं नाहीये, तो वरातीतला घोडा! ड्रेसाज हा फ्रेंच शब्द, अर्थ साधा, तालीम. आपल्याला पाठीवर घेऊन घोड्याने तोल सांभाळत, न चिडता चालावं, पोटरी जराशी टेकवली की पुढे जावं आणि आपण कंबर रोखून बसलो की थांबावं, सगळी खटपट यासाठी.

सुरुवात तालापासून करा. वॉकचे, म्हणजे साध्या चालीचे, चार ठोके, ट्रॉटचे, म्हणजे दुडकीचे, दोन, कँटरचे, म्हणजे हलक्या दौडीचे, तीन. सर लंजवर, म्हणजे घोडा लांब दोरीला धरून गोल, फिरवत असतील तेव्हा डोळे मिटून टापा मोजा. आणि लगाम खेचून मान वाकवू नका प्लीज, व्हिडिओ बघून सगळ्यांना वाटतं मान वाकली की झालं ड्रेसाज, पण मागचे पाय कामाला लागले नसतील तर ती मान नुसती शोभेची.

आता कॉम्पिटिशन. नवख्यांची टेस्ट, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचाली क्रमाने करून दाखवणं, बहुतेक २० बाय ४० मीटरच्या अरीनात, म्हणजे आखलेल्या मैदानात असते, कडेने अक्षरं, ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. ए मधून आत यायचं, मैदानाच्या बरोबर मधल्या बिंदूवर, म्हणजे एक्सवर, थांबून सलाम, जज समोर सीला. प्रत्येक हालचालीला ० ते १० मार्क, ६ म्हणजे ठीकठाक, पहिल्यांदा सहा-सहा पडले तरी खूश व्हा.

नवख्यांचे मार्क जातात कुठे तर सर्कलमधे. माझ्या पहिल्या शीटवर जजने लिहिलं होतं, सर्कल अंड्यासारखं. ए वरचं २० मीटरचं सर्कल एक्समधून जातं आणि लांब कडेला के च्या ४ मीटर पुढे टेकतं, मी दर वेळी के च्या कोपऱ्यात घुसत होतो! मग गच्चीवर १० बाय २० फुटांचा चौकोन काढला, म्हणजे एका मीटरला सहा इंच, ए पासून पाच फुटांवर खिळा ठेवून पाच फुटी सुतळीने गोल फिरवला तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. टेस्ट अशी पायी चालून पाठ करा, घोड्यावर रोज रोज तीच करू नका, तो हुशार असतो, तुमच्याआधीच वळायला लागतो.

बऱ्याच ठिकाणी टेस्ट वाचून दाखवायला कोणी चालतं, आधी विचारून ठेवा, पण वाचणाऱ्याला प्रॅक्टिस द्या. आमच्याकडे आई वाचते आणि वाऱ्यात ई, बी, सी सगळं सारखंच ऐकू येतं, म्हणून आमचं ठरलंय, ई म्हणजे इमली, बी म्हणजे बटाटा, सी म्हणजे सीताफळ.