पीटेनचा प्रोब लावताय? या चुका टाळा

सोलापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टला पीटेन (PTEN) हा जीन घेणारी पोरं दरवर्षी भेटतात. विषय चांगलाच आहे. त्याचं फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट काढणारं एन्झाइम, पीआयपी३ या पेशीपटलातल्या लिपिडवरचा फॉस्फेट काढतं आणि एकेटी या प्रोटीनकडं जाणारा वाढीचा संदेश आवरतो; बऱ्याच कॅन्सरमध्ये नेमकं तेच बिघडलेलं असतं. पण त्याचा एमआरएनए शोधायला प्रोब, म्हणजे त्याला जुळणारा खूण लावलेला तुकडा, लावताना चुका मात्र त्याच त्या.

सगळ्यात महागात पडते ती पीटेनपी१, म्हणजे पीटेनचा तोतया जीन (स्यूडोजीन), विसरण्याची. खरा पीटेन १० व्या क्रोमोसोमवर, हा तोतया ९ व्यावर. एमआरएनएची उलटी नक्कल होऊन जीनोममध्ये घुसलेला, म्हणून त्याला इंट्रॉन (एमआरएनए बनताना कापून टाकले जाणारे भाग) नाहीत. एक मुलगी एमआरएनए मोजून खुशीत आली, "सर, क्यूपीसीआरचे कर्व्ह एकदम झकास!" प्रोब दोन एक्झॉनच्या (इंट्रॉन गेल्यावर जोडल्या जाणाऱ्या भागांच्या) सांध्यावर बसवलाय, म्हणजे जीनोमिक डीएनएची भीती नाही, असा तिचा हिशेब. डीएनए तोडणारं डीएनेज दिलंच नव्हतं. म्हटलं, आरएनएवरून डीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली ट्यूब कुठंय? तीही नव्हती. लावायला लावली, तर त्या ट्यूबचा कर्व्हही वर चढला, म्हणजे सिग्नल जीनोमिक डीएनएचा. चढणारच, इंट्रॉन नसलेल्या तोतयात तो सांधा आयताच जोडलेला असतो. सगळं सेमिस्टर पाण्यात.

डीएनेज द्याच, पण तेवढ्यानं भागत नाही, कारण तोतयाचाही आरएनए बनतो. मी दोन्ही सिक्वेन्स एकाखाली एक छापून घेतो, फरक लाल पेनानं खुणावतो आणि प्रायमरचं (नक्कल सुरू करून देणाऱ्या छोट्या तुकड्याचं) ३' टोक, जिथून नक्कल पुढं वाढते, त्या फरकावरच आणतो. ५' यूटीआरमध्ये, म्हणजे एमआरएनएच्या सुरुवातीच्या प्रोटीन न बनवणाऱ्या भागात, जागा सापडते. सॉफ्टवेअरनं दिलेला पहिला पर्याय उचलणाऱ्यांना याचा कंटाळा येतो. येऊ दे.

पीटीपी१बी या दुसऱ्या फॉस्फटेजवर काम असेल तर प्रोब कॅटॅलिटिक (एन्झाइमचं काम करणाऱ्या) भागातून घेऊ नका, भावकीतले सगळे टायरोसिन फॉस्फटेज गोळा होतील.

प्रोटोकॉलमधलं 'रूम टेम्परेचर' म्हणजे २०-२५ अंश. मे महिन्यातलं सोलापूर नव्हे. आरएनए बाहेर ठेवून चहाला जाऊ नका. आणि ऑटोक्लेव्ह केलं म्हणजे आरएनए तोडणारं आरएनेज मेलं, हे डोक्यातून काढा.

डिगॉक्सिजेनिनची खूण लावलेल्या प्रोबला अल्कलाइन फॉस्फटेजनं रंग आणताना शेवटचा वॉश पीबीएस या फॉस्फेटवाल्या बफरमध्ये नको. फॉस्फेट त्याच एन्झाइमला दाबतो. ट्रिस बफर वापरा. सेन्स प्रोबची (एमआरएनएसारखाच, म्हणून त्याला न चिकटणाऱ्या कंट्रोलची) स्लाइड सोबत नसेल तर मी फोटो बघतही नाही.

आणि प्रोबनं एमआरएनए दिसतो, एन्झाइमचं काम नाही. 'फॉस्फटेज सक्रिय आढळले' लिहायचं असेल तर ॲक्टिव्हिटी वेगळी मोजा, नाहीतर ते वाक्य खोडा.