सागाची पानगळ, चोरलचं पाणी आणि एक वाळकं पान

पुण्याची मावसबहीण दरवर्षी विचारते, तुमच्या इंदूरला कसला आलाय ऑटम? तिचंही बरोबर आहे म्हणा, चिनारासारखी लालभडक झाडं आपल्याकडे नाहीत. पण दिवाळी झाली की खंडवा रोडने सिमरोल ओलांडून भेरूघाट उतरायला लागा, सागाची पानं कडेने करपल्यासारखी पिवळी-तपकिरी व्हायला लागलेली असतात, गवत सोनेरी झालेलं असतं आणि खाली चोरल नदी अजून वाहत असते. थंडी वाढली की धावडाही तांबूस होतो. गोची एवढीच की झाडांना रंग चढतो तसतसं पाणी आटत जातं, म्हणून दोन्ही एका फोटोत हवं असेल तर साधारण नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा.

आता जायचं कुठे. सगळे पाताळपाणीच्या धबधब्याला धावतात, रेलिंगला टेकून तोच एक फोटो काढतात आणि कालाकुंडचं कलाकंद खाऊन घरी येतात. कलाकंद खाच, पण फोटोसाठी मी मोठ्या धबधब्याच्या मागे लागत नाही. दिवाळीनंतर तिथली धार बारीक होते आणि कड्यावरून अँगल बदलायला जागाच नसते. त्यापेक्षा गुडघ्याएवढ्या पाण्याचा, दगडगोट्यांचा एखादा ओढा बघा, तिथे शंभर पावलांत दहा वेगळे फोटो मिळतात.

वेळ सकाळची. नदी खोलगट भागात असते, त्यामुळे ऊन तिथवर उशिरा पोचतं, तोवर सगळीकडे सारखा मऊ उजेड मिळतो आणि शटर हळू, म्हणजे जास्त वेळ उघडं, ठेवता येतं. ऊन डोक्यावर आलं की पाण्याचा पांढरा भाग जळतो, म्हणजे नुसता कोरा पांढरा डाग होतो, आणि सावली काळीठिक्कर पडते. ढगाळ दिवस असेल तर मात्र दुपारीही काढा. आम्ही पोहे डब्यात घालून साडेसहाला निघतो, राजवाड्यावर गरम पोहे खायला थांबलो की कार्यक्रम आटोपलाच समजा.

पोचल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. एक वाळकं पान घ्या आणि वरच्या बाजूला पाण्यात सोडा. सागाचं नको, ते एवढं मोठं असतं की दोन दगडांत अडकून बसतं, कुठलंही लहानसं पान घ्या. आता काठाने त्याच्यासोबत चालत राहा. ते जिथे जोरात घसरतं, जिथे गोल फिरत बसतं आणि जिथे जवळजवळ थांबतं, त्या तीन जागा लक्षात ठेवा, कारण प्रत्येक जागेचा अँगल वेगळा आहे. मला हे सुचलं तेसुद्धा वैतागून, तासभर उगाच उभ्या उभ्या फोटो काढल्यावर.

पान घसरतं तिथे, दोन दगडांच्या मधे, कॅमेरा एकदम खाली न्या, म्हणजे चपलेच्या उंचीवर. उभं राहून काढलेल्या फोटोत ओढा डांबरी रस्त्यासारखा सपाट दिसतो, खालून तेच वीतभर पाणी अंगावर आल्यासारखं वाटतं आणि मागे सागाची रांग उभी राहते. मोबाइल असेल तर तो उलटा धरा, लेन्स खालच्या बाजूला येते आणि पाण्याच्या अगदी जवळ जाते. जवळ ओल्या दगडाला चिकटलेलं एखादं पिवळं पान असू द्या, नजर तिथून आत शिरते.

सेटिंगचं सांगतो. आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो तो आकडा) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं ते लहान) एफ ८ ते एफ ११, शटर पाव ते अर्धा सेकंद. एवढ्यात पाणी रेशमी होतं पण त्यातल्या रेघा शिल्लक राहतात; फार लांबवलं तर दुधाची पिशवी फुटल्यासारखं दिसतं, मला तरी ते आवडत नाही. उलट उडणारा थेंब न् थेंब गोठवायचा असेल तर १/१००० आणि ऊन हवं. उजेड जास्त म्हणून एफ २२ वर जाऊ नका, फोटो मऊ पडतो, त्यापेक्षा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळपट काच, लावा. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, तेव्हा सहा स्टॉपचा एनडी म्हणजे ६४ पट कमी उजेड, १/६० चं शटर साधारण एक सेकंदावर येतं. आणि एकच फिल्टर घ्यायचा असेल तर माझं मत पोलरायझरला. ओल्या पानावर आणि दगडावर जी पांढरी चमक असते ती तो फिरवताना डोळ्यांदेखत जाते आणि खालचा तांबूस रंग वर येतो. एक-दोन स्टॉप उजेडही खातो, तो इथे फायद्याचाच.

ट्रायपॉड हवाच, आणि टायमर दोन सेकंदांवर, बोटाच्या धक्क्याने फोटो हलतो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद करा. ट्रायपॉड नसेल तर पावशेर तांदळाची पिशवी दगडावर ठेवून तिच्यात मोबाइल रुतवा, मस्त बसतो. मोबाइलला प्रो मोड असेल तर शटरचा वेळ स्वतः ठरवा, आयफोनवाल्यांनी लाइव्ह फोटो काढून नंतर त्यावर लाँग एक्स्पोजर लावावं. "भिया, जरा फोन धर" म्हणून मित्राला उभं करू नका, अर्धा सेकंद कोणाचाही हात स्थिर राहत नाही.

आता माझी लाडकी जागा, पान गोल फिरतं ती. छोट्या धारेच्या खाली कुंडासारखं असतं, त्यात फेस आणि पाचसात पानं संथ चकरा मारत असतात, डोळ्यांना तो नुसता कचरा दिसतो. कॅमेरा वरून खाली वाकवा, एनडी लावून दहा ते पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर द्या. फेसाच्या पांढऱ्या कड्या होतात, पानांच्या पिवळ्या रेघा ओढल्या जातात आणि मधे काठाला अडकलेलं एखादं पान मात्र स्वच्छ राहतं. पहिल्या चार-पाच फोटोंत पानं नको तिथे जातात, थांबा, ती फिरून येणारच आहेत.

पान थांबतं तिथलं पाणी आरशासारखं असतं. समोरच्या उतारावर ऊन आणि पाणी अजून सावलीत, असा दहा-पंधरा मिनिटांचा मोका सकाळी एकदा मिळतो, तेव्हा झाडं सोडून फक्त प्रतिबिंब फ्रेममध्ये घ्या, पाणी वितळलेल्या पितळेसारखं होतं. इथे पोलरायझर काढा किंवा उलट फिरवा, नाहीतर तो प्रतिबिंबच पुसून टाकतो.

परतताना झाडांसाठी पण दोन फोटो ठेवा. सागाचं पान सूर्यासमोर धरा आणि ऊन पानाच्या मागून येईल असा फोटो काढा, शिरान् शीर दिसते. आणि सरळ खोडांसमोर उभं राहून शटर पाव सेकंदावर ठेवा, दाबता दाबता कॅमेरा वरून खाली ओढा, खोडांचे नुसते रंगाचे पट्टे उरतात. वीसातला एक जमतो.

दोन बारीकसारीक गोष्टी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची छटा ठरवणारं सेटिंग, ऑटोवर असलं की सावलीत फोटो निळसर होतो, ते क्लाउडी किंवा ६००० केल्व्हिनच्या आसपास ठेवा. पांढरं पाणी जळत असेल तर एक्स्पोजर उणे ०.७ करा, म्हणजे फोटो जरा गडद येतो.

आणि सावध राहा, हे गमतीत घेऊ नका. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला अचानक लोंढा आला आणि पाण्यात उभी असलेली माणसं वाहून गेली. नोव्हेंबरात तसं पाणी नसतं, पण वर कुठे पाऊस झाला असेल किंवा पाणी गढूळ होताना दिसलं तर सामान सोडून आधी बाहेर या. बाकी दिवशी खरा शत्रू शेवाळ. मी एकदा स्क्रीनकडे बघत मागे सरकलो आणि बसलोच पाण्यात, कॅमेरा वर धरला म्हणून वाचला, पँट मात्र इंदूरपर्यंत वाळली नाही.

घरी आल्यावर फोटो बघायच्या आधी ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडा, आतली वाळू धुऊन पुसून रात्रभर तसेच वाळू द्या, नाहीतर पुढच्या रविवारी ते कॉफीच्या जुन्या ग्राइंडरसारखे करकरतात.