ढाल हातात, तरी मार खाताय? या चुका टाळा

'एल्डन रिंग' या व्हिडिओ गेममध्ये ढाल धरूनही जीव गेला की पहिला राग ढालीवर निघतो आणि नवी ढाल शोधायला सुरुवात होते. ढालीत खोट क्वचितच असते. खरी अडचण बोटाची: एल वन, म्हणजे कंट्रोलरवरचं ढाल वर धरायचं बटण, एकदा दाबलं की सुटतच नाही.

अडवलेल्या प्रत्येक वाराला हिरवी स्टॅमिनाची (दमाची) पट्टी खाली जाते, आणि ढाल वर असेपर्यंत ती फार सावकाश भरते. पट्टी संपली की गार्ड (ढालीचा बचाव) तुटतो, तुम्ही झोकांडी खाता आणि पुढचा वार थेट अंगावर. मार्गिट हा खेळातला मोठा शत्रू नेमका याचाच फायदा घेतो. काठी उचलतो, हवेत रोखून धरतो, तुम्ही घाबरून ढाल दाबून बसता, आणि तोवर भरू शकली असती ती पट्टी अर्धीच राहते. काठी वर असताना बोट काढा, ती खाली यायला लागली की पुन्हा दाबा. मालवणात चार पोरं एका टीव्हीपुढे बसली की "ढाल खाली घे मरे!" अशी हाक येते ना, तोच योग्य सल्ला आहे. वार ढालीवर बसताच आर टू (जोरदार वाराचं बटण) दाबलं तर गार्ड काउंटर, म्हणजे अडवून लगेच केलेला उलट वार, बसतो. पण शत्रूचे सलग तीन-चार वार यायचे असतील तर पहिल्याच वाराला हा मोह नको, शेवटचा ओळखा.

ढाल निवडताना आधी भौतिक बचाव (साध्या शस्त्रांच्या वारांपासूनचा) 100 टक्के आहे का ते बघा. व्हॅगाबाँड हे पात्र निवडलं तर सुरुवातीलाच मिळणारी हीटर शील्ड तशी आहे. मग ढालीचा गार्ड बूस्ट हा आकडा: तो जितका जास्त तितका स्टॅमिना कमी जातो. मोठी ढाल घेऊन एकूण वजन पात्राच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांवर गेलं तर वार चुकवायला लोळणं जड होतं, आणि पकडीचे हल्ले कुठलीच ढाल अडवत नाही, तिथे लोळावंच लागतं. आग आणि जादूसाठी आकडे वेगळे असतात, तेही वाचा.

ढाल असूनही रक्त जातंय? कदाचित चुकून तलवार दोन्ही हातांत धरली असेल. तेव्हा एल वन तलवारीनेच अडवतो आणि बराच मार आत येतो. पात्राच्या हाताकडे एकदा नजर टाका.

दुसऱ्या खेळांत ढालीचे नियम वेगळे: 'स्कायरिम'मध्ये (2011) तर ढाल कितीही चांगली असो, अडवला जाणारा मार 85 टक्क्यांवर थांबतो. 'डायब्लो 2'मध्ये ब्लॉक (वार अडवणं) हा नशिबाचा खेळ: वार अडण्याची शक्यता जास्तीत जास्त 75 टक्के, तोही पात्राची डेक्स्टेरिटी (चपळाई) वाढवत नेली तर, आणि पळताना एक तृतीयांशच उरतो. गर्दीत शिरल्यावर पळू नका.

पॅरी, म्हणजे नेमक्या क्षणी ढालीने वार उडवून लावणं, कधीच जमत नसेल तर आधी टीव्ही तपासा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो. 100 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या खेळात 6 फ्रेम गेल्या, आणि पॅरीची वेळ फ्रेममध्येच मोजतात. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू करा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट बघायला हवी. वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत खारी, दमट हवा धातूला सोडत नाही. एल वन कधी लागतं, कधी नाही, असं झालं तर दोष खेळण्याचा नसून आतल्या संपर्काचा असू शकतो. कंट्रोलर खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. बिघाड झालाच असेल तर दुरुस्तीपर्यंत सेटिंगमध्ये जाऊन गार्ड दुसऱ्या बटणावर लावा.