आयटीआयला फिटर घेताय? मग आमच्या आजोबांनी शिकवलेलं सांगते

दहावीचा निकाल लागला की ओळखीतल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात, ताई फिटर घेऊ का, मुलींना जमतं का, पुढे काय. म्हटलं एकदा लिहूनच टाकू. आणि लिहायला बसले की आजोबा येणारच, मी फिटर, म्हणजे मशीनचे भाग घासून-मापून एकमेकांत बसवणारी, झाले ती त्यांच्यामुळे.

आजोबा लालबागला गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर होते. 1982 चा संप झाला, गिरणी गेली ती गेलीच, मग कुर्ल्याला एका गाळ्यात लागले ते हात चालेपर्यंत तिथेच. आमच्या चाळीतली कितीतरी घरं त्या संपात बसली, आपण हातातल्या कामामुळे तरलो असं आजी अजून म्हणते.

आधी कोरडी माहिती. फिटर दोन वर्षांचा ट्रेड, गणित-विज्ञान घेऊन दहावी पास पाहिजे, ॲडमिशन ऑनलाइन आणि मेरिटवर. मुंबईत मुलुंडला, कुर्ल्याला सरकारी आयटीआय आहेत. पास झाल्यावर ॲप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात काम करता करता शिकणं, करता येते किंवा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे 'आयटीआय केलं की शिक्षण संपलं' हे जे नातेवाईक सांगतात ते अजिबात ऐकू नका.

आता खरं सांगायचंय ते. सुरुवातीचे महिने तुमच्या हातात कानस, म्हणजे लोखंड घासायची फाइल, देतील आणि लोखंडाचा तुकडा घासायला लावतील, रोज तेच. इथेच पोरं कंटाळतात, म्हणतात आता सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा जमाना आहे, हे कशाला. माझं ठाम मत आहे की फिटर इथेच घडतो. मशीनवरून पार्ट कितीही चांगला येऊ दे, असेंब्लीच्या वेळी शाफ्टच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) खाचेत चावी, म्हणजे त्यावरचं चाक घट्ट धरणारा लोखंडी तुकडा, बसत नाही म्हणून कोणीतरी हातानेच ती घासून बसवतं, आणि किती घासायचं हे त्या हाताला कळावं लागतं.

आजोबांनी चाळीच्या गॅलरीत एक छोटा शेगडा, म्हणजे तुकडा घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस, बसवला होता. मी लहान, माझं कोपर शेगड्याच्या खाली जायचं, तर त्यांनी पायाखाली फळी दिली. शेगड्याचं तोंड कोपराच्या उंचीला आलंच पाहिजे, नाहीतर खांदा दुखतो आणि काम वाकडं होतं, हा त्यांचा पहिला नियम. आयटीआयमध्ये तुम्ही बुटके असाल तर लाजू नका, सरांकडून फळी मागून घ्या. मग कानस पुढे ढकलताना जोर द्यायचा, मागे घेताना नाही. सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त, पुढे जाईल तसा उजव्याचा वाढवायचा, नाहीतर तुकड्याच्या दोन्ही कडा खाली जातात आणि मधे पोट येतं. कानशीला खडू चोळून घ्या म्हणजे कीस दातात अडकत नाही. नवी कानस आधी पितळेवर चालवा, एकदम स्टीलवर नको, दात लवकर जातात. घासलेल्या जागेवर बोट फिरवायचं नाही, बोटाचं तेल लागलं की कानस घसरते. मी बोट लावायला गेले की आजोबा फक्त "पोरी, हात" एवढंच म्हणायचे, ओरडले कधीच नाहीत.

आणि मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. तुकडा आणि गुण्या खिडकीसमोर धरायचा, मधून उजेड दिसला की परत शेगड्यावर. "उजेड दिसतोय तोवर काम झालं नाही" हे इतक्या वेळा ऐकलंय की आजही शॉपफ्लोअरवर कोणी चालतंय ना म्हटलं की मला ते ऐकू येतं आणि मी परत चेक करते.

मापाचंही तसंच. मापं घ्यायच्या साधनांत व्हर्नियर 0.02 मिमीपर्यंत दाखवतो, मायक्रोमीटर 0.01 पर्यंत, पण मायक्रोमीटर कचकन आवळला तर माप चुकीचंच येणार, टोकाची रॅचेट (कटकट वाजणारी कळ) वाजेपर्यंतच फिरवायचं. ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालू नका, ड्रिलमध्ये अडकले तर हात ओढला जातो, आणि केस-ओढणी बांधूनच उभं राहायचं, यात माफी नाही.

मुलींना जमतं का? जमतं. ताकदीचं काम आहे पण त्याहून जास्त नजरेचं आहे. बॅचमध्ये मुली कमी असतील तर आजूबाजूला कोण काय बोलतंय त्यापेक्षा जॉबकडे, म्हणजे हातातल्या तुकड्याकडे बघा.

ॲप्रेंटिसशिपसाठी माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड, रेल्वेचे परळ-माटुंग्याचे वर्कशॉप यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तिथले जुने फिटर अजून सुतात बोलतात, आजोबाही तसंच बोलायचे. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत सव्वातीन मिमीला किंचित कमी. कोणी "तीन सुताचा बोल्ट दे" म्हटलं तर 3/8 इंची, साधारण साडेनऊ मिमीचा, तो उचलून द्यायचा. एवढं पाठ करूनच जा, मास्तर लोक त्यावरूनच ठरवतात याला कामाला घ्यायचं की नुसतं उभं ठेवायचं.